मंगळवारचं पार्सल

माझी बायको जानेवारीत वारली. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणतो, कारण जर्मनीत ते फार वेळा म्हणावं लागतं. बँकेत म्हणावं लागतं, विमावाल्यांना, घरमालकाला, फिनान्सआम्टच्या म्हणजे कर खात्याच्या फोनवरच्या बाईला. समोरचा माणूस आधी वाईट वाटल्याचं सांगतो आणि मग कागद मागतो. त्या कागदांचा मला आधार होता. कागद जमवायचे असले की माणसाला दुसरं काही करावं लागत नाही, आणि इथे कागद कधी संपत नाहीत.

मार्चमध्ये सासूबाई पुण्याहून बर्लिनला आल्या, आमच्या सहा वर्षांच्या लेकीला सांभाळायला. तीन महिन्यांचा व्हिसा होता आणि तो जूनमध्ये संपत होता. मंगळवारी त्यांना निघायचं होतं. त्या एकट्या जाणार की लेकीला कायमची घेऊन जाणार, एवढंच ठरायचं होतं. म्हणजे तसं ते ठरल्यातच जमा होतं. माझा मेहुणा पुण्यात लॅपटॉप उघडून तयार होता. शनिवारी मी एकदा हो म्हटलं की तो शेजारशेजारच्या सीटची दोन तिकिटं काढणार होता.

सासूबाईंचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आईविना पोर, बाप दिवसभर मीटिंगमध्ये, आणि आजारी पडली तर शेजारी सुद्धा आधी मेसेज करून वेळ ठरवून येणार. पुण्यात आजी, मामा-मामी, खेळायला मामेभावंडं. शाळेतही त्यांनी बोलून ठेवलं होतं. "कायमची म्हणत नाही हो मी, तुम्ही सावरेपर्यंत," असं त्या म्हणायच्या, पण ते 'सावरेपर्यंत' म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही नीट माहीत होतं. मी प्रत्येक वेळी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचो. हा माझा मोठेपणा नव्हता. मला खरोखरच काही वाटत नव्हतं. घरातला मेन स्विच पडल्यावर जसं कुठलंही बटण दाबा, काही होत नाही, तसं चाललं होतं. भाजीत मीठ नाही हे मला लेकीने सांगितल्यावर कळायचं.

खरी गोष्ट अशी की लेकीनेच माझं काम सोपं केलं होतं. पुण्याला जायचं का, असं मी तिला एका रविवारी घाबरत घाबरत विचारलं. वाटलं, आता रडारड होईल, मैत्रिणी, किटा म्हणजे तिची बालवाडी, सगळं निघेल. तर ती लगेच हो म्हणाली. कधी, एवढंच विचारलं, आणि आत जाऊन पाठीवरची बॅग भरायला घेतली. मी दारात उभा राहून बघत बसलो. बाईसाहेबांनी आधी कपडे नव्हे, तर चित्रांची फाइल भरली.

तशी ती पहिल्यापासून शहाण्यासारखीच वागत होती. शेवटच्या आठवड्यांत आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं नाही. आईला बोलायला त्रास होतो, फोन करायचा नाही, असं सांगितलं होतं, ते तिने मुकाट्याने पाळलं. अंत्यविधीला नेलं नाही, एवढ्या लहान मुलाला कोण नेतं? अस्थी घेऊन मी फेब्रुवारीत पुण्याला गेलो तेव्हाही ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाकडे राहिली. परत आलो तर दारात उभी. माझ्या मागे एकदा बघितलं, आणि आपले बूट घालून वर चालायला लागली. रडली नाही, एक प्रश्न विचारला नाही. सगळे म्हणाले, पोरगी किती समजूतदार आहे. मीही म्हणालो. मला तिचे उपकार वाटत होते.

तर त्या शनिवारी सकाळी तिने हट्ट धरला. जाण्याआधी तिला थाई बाजारात जायचं होतं. मी मराठीत विचारतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, असा आमच्या घरचा रिवाज आहे, आणि त्या दिवशी तिची उत्तरं अगदी पक्की होती. आजच जायचं. उद्या नाही. मला आठवलं की गेल्या उन्हाळ्यात दर शनिवारी ही, म्हणजे माझी बायको, लेकीला पोहण्याच्या क्लासला न्यायची आणि तिथून दोघी कुठल्याशा पार्कात खायला जायच्या. मला दोन-तीनदा बोलावलं होतं. उन्हात रांग लावायची, कागदी ताटलीत गरम काहीतरी घ्यायचं आणि गवतावर मांडी घालून सांडत बसायचं, हे मला जमत नाही, असं मी सांगितलं होतं. शनिवारची दुपार मला झोपायला हवी असायची. दोघी घरी यायच्या तेव्हा त्यांच्या अंगाला तळणीचा वास असायचा आणि जेवायला कुणालाच भूक नसायची.

सासूबाईंना एकादशी होती. त्या म्हणाल्या, मी नुसती येऊन बसेन, माझी लेक कुठे जायची ते तरी बघेन. पर्समध्ये त्यांनी खजूर आणि पाण्याची बाटली घेतली. एकादशी नसती तरी त्यांनी फार काही खाल्लं नसतं. आल्यापासून त्या दोन घास खाऊन पान बाजूला करत होत्या. मी आग्रह करत नव्हतो. एकमेकांना आग्रह करायचं आमच्या घरातून कधी बंद झालं, ते कळलंच नाही.

यू-बानमधून, म्हणजे मेट्रोतून उतरून आम्ही रस्ता ओलांडला. लेक पुढे, आम्ही दोघं मागे. विल्मर्सडॉर्फमधलं ते पार्क म्हणजे चारही बाजूंना चांगल्या पगारवाल्यांच्या इमारती आणि मध्ये साधं हिरवळीचं मैदान. त्याच्या एका कडेला स्टॉलची रांग. पूर्वी म्हणे थाई बायका चटया आणि छत्र्या घेऊन गवतावरच बसायच्या, आता परवाने, हात धुवायचे नळ, कचऱ्याचे रंगीत डबे, सगळं जर्मन पद्धतीने लावलेलं होतं. वास मात्र कुणाच्या परवान्यात बसणारा नव्हता. भाजलेलं मांस, लिंबू, मिरची, नारळाचं दूध आणि कुठूनतरी सुकटीसारखा एक भपकारा. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि थोड्या वेळाने आपसूक खाली घेतला. मला तो वास येत होता, पण समोरच्या इमारतीत कुणी रेडिओ लावावा तसा. आपल्याशी त्याचा काही संबंध नाही.

एका स्टॉलवर बाई बिडाच्या तव्यातल्या खळग्यांत पांढरं पीठ ओतत होती. "अहो, आप्पेपात्र," सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्याच. नारळाचे गोड आप्पे होते ते. बाईने चमच्याने एकेक उचलून दोन-दोनची जोडी लावली, तर सासूबाईंनी हळूच सांगितलं की खालून जरा जास्त लाल झालेत. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एखाद्या गोष्टीत खोट काढावीशी वाटली होती. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

लेक थांबायला तयार नव्हती. ती माझा शर्ट धरून ओढत होती. पपईच्या कोशिंबिरीसारखं काहीतरी कुटणारा स्टॉल, काडीला लावलेलं चिकन, आंबा आणि चिकट भात, सगळं सोडून ती शेवटच्या टोकाच्या एका लहानशा स्टॉलसमोर जाऊन रांगेत उभी राहिली. रांगेत कसं उभं राहायचं, ट्रे कुठून घ्यायचा, चमचे कुठे असतात, तिला पाठ होतं. मी तिच्यामागे हातात जॅकेट घेऊन उभा. पोरीला माहीत असलेला आणि मला माहीत नसलेला एक अख्खा शनिवार तिथे होता, आणि तो बघायला मी आता आलो होतो.

स्टॉलवरची बाई पन्नाशीची, डोक्यावर गुलाबी टोपी. लेकीला बघताच तिने चिमटा खाली ठेवला आणि काउंटरवरून वाकून तिचे गाल धरले. केवढी उंच झालीस, वगैरे. मोडक्यातोडक्या, पण भरभर जर्मनमध्ये दोघींचं काहीतरी चाललं. मागे माणसं होती, त्यामुळे ते अर्ध्यावर राहिलं. लेकीने नेहमीचं मागितलं, आणि लसूण नको म्हणून सांगितलं. बाईने वाफेच्या भांड्याचं झाकण काढून आत दिसणारे गोळे ताटलीत भरले. लिंबाएवढे, काचेसारखे, ओले, आणि आत काहीतरी तपकिरी.

"साबुदाणा," सासूबाई म्हणाल्या.

होताच तो साबुदाणा. फुगलेला, पारदर्शक, आमच्या खिचडीत बिघडला की होतो तसा. लेक म्हणाली, हे आईचं फेवरिट. तेवढं सासूबाईंना कळलं. गवतावर बसल्यावर त्यांनी एक गोळा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. उपासाला साबुदाणा चालतो, आतलं सारण गूळ-दाण्याचं दिसतंय, आणि लसूण तर आपल्या पोरीने आधीच काढायला लावला. एवढं मला समजावून सांगून त्यांनी तो तोंडात टाकला. चावत राहिल्या. मग म्हणाल्या, चांगलं आहे हो. जरा वेगळा वास येतोय, पण इकडच्या दाण्यांना असेल तसा. दुसरा घेतला. तिसरा घेतला. माझी लेक साबुदाण्याची वेडीच होती, म्हणाल्या, लहानपणी उपास नसताना उपास धरायची. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, पण खाणं थांबलं नाही.

मी पण एक उचलून तोंडात टाकला. आणि तेव्हा माझं लक्ष लेकीकडे गेलं. ती आजीकडे डोळे विस्फारून बघत होती. माझ्या कानाशी येऊन तिने कुजबुजत सांगितलं की ह्यात डुक्कर आहे. आणि आई म्हणते, हे आजीला कधीच सांगायचं नाही. मी मान वर करून स्टॉलची पाटी वाचली. डुकराचा खिमा, शेंगदाणे, ताडगूळ. जर्मन लोक अशा बाबतीत फार प्रामाणिक, सगळं पाटीवर लिहिलेलं असतं.

आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या तव्यावर व्हायचं, आणि तो नियम हिचाच होता. आता माझ्यासमोर हिची आई एकादशीच्या दिवशी चौथा गोळा उचलत होती, आणि गेले तीन महिने मी त्यांना इतकं पोटभर खाताना पाहिलं नव्हतं. जे पोटात गेलं ते काही परत येणार नव्हतं. मी गप्प राहिलो. हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही, आणि त्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणतात, तेव्हा हे छापून आल्यावर आता कळेलच. आजी, माफ करा. सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर पाण्यावर राहिला असता.

हिने माझ्यापासूनही लपवलं, याचा मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. राग काही आला नाही.

लेक उठली आणि पुन्हा स्टॉलकडे गेली. आता रांग संपली होती. मला वाटलं अजून खायला हवं असेल, म्हणून मी मागोमाग गेलो. ती चवड्यांवर उभी राहून त्या बाईशी बोलत होती, आणि बाई टोपी मागे सरकवून ऐकत होती. आई कुठे आहे, असं बाईने विचारलेलं मी ऐकलं. आता हे पोरीला बोलावं लागणार होतं. मी पुढे होऊन ते नेहमीचं वाक्य म्हणणार, एवढ्यात लेकीने उत्तर दिलं.

ती म्हणाली, आई पुण्यात आहे.

अगदी सहज. तिने आणखी सांगितलं. आई आजारी आहे, म्हणून तिकडे झोपून असते, तिला फोनवर बोलायचं नसतं कारण त्रास होतो. बाबा तिला फेब्रुवारीत तिकडे ठेवून आला. खालची काकू म्हणाली होती, आई-बाबा दोघं पुण्याला गेलेत, आणि मग बाबा एकटाच परत आला. आता मंगळवारी मी आजीबरोबर आईकडे जाणार आहे. तर हे आईसाठी बांधून दे, आणि मंगळवारपर्यंत चांगलं राहील ना ते सांग.

बाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. बिच्चारी, म्हणाली, पण आता तू चाललीस म्हणजे ती बरी होईल. एक मोठा डबा काढून तिने तो काठोकाठ भरला. आईला तिखट लागतं म्हणून मिरच्या वेगळ्या पुडीत बांधल्या. फ्रीजमध्ये ठेव, फ्रीझरमध्ये नको, कडक होईल, आणि तिकडे गेल्यावर पाच मिनिटं वाफ द्यायची, असं तिने लेकीला दोनदा सांगितलं. लेकीने ते दोनदा म्हणून दाखवलं. मग बाईला मी मागे उभा दिसलो. मी बाप आहे हे तिने ओळखलं, हसून माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला माझा नमस्कार सांगा म्हणाली. मी सांगतो म्हणालो.

खरंच म्हणालो. माझ्या तोंडून तेच आलं.

लेक डबा दोन्ही हातांत आडवा धरून, सांडू नये म्हणून पायाकडे बघत गवताकडे निघाली. सासूबाई ताटली पुसत होत्या. लेक तो डबा सावलीत ठेवून त्यावर माझं जॅकेट पांघरण्यात गुंतली, तेव्हा मी त्यांना जरा बाजूला घेतलं.

"आजी, ती हे आईसाठी बांधून घेतेय. तिला वाटतंय, तिची आई पुण्यात आहे."

त्यांनी ताटली खाली ठेवली. "तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"मला वाटलं, तुम्ही सांगितलंत."

त्यांनीही सांगितलं नव्हतं. त्या मार्चमध्ये आल्या तेव्हा पोर इतकी शांत होती की बापाने सगळं समजावलं असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. मी धरून चाललो होतो की अशा गोष्टी आजी नीट सांगते, रात्री झोपवताना, बाईमाणसाच्या पद्धतीने. खालच्या काकूंना वाटलं असेल, आपण परक्यांनी कशाला बोला. आम्ही सगळे तिला जपत होतो. कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

सासूबाई गवताकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या की आता इथे नको. पुण्याला गेल्यावर सांगू, हळूहळू, तिथे सगळी माणसं असतील, पोर एकटी पडणार नाही. मी सवयीने मान डोलावली. "तुम्ही म्हणाल तसं" जिभेवर आलंसुद्धा होतं. आणि मला पुण्याचं विमानतळ दिसलं. बाहेर पडायच्या त्या दारापाशी रेलिंगला टेकून उभी असलेली माणसं, मेहुणा हात हलवतोय, आणि ही पोर डबा आडवा धरून त्या गर्दीत एकेका बाईचा चेहरा बघत चाललीय. तिथे तिला कोण सांगणार होतं? मामा? गाडीत बसल्यावर?

मला भीती वाटली. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे वाटलं. मी म्हणालो, "नाही आजी. आत्ता सांगायचं. मी सांगतो."

मी लेकीसमोर गवतावर बसलो. मला शब्दच सापडेना. गेली, वारली, देवाघरी गेली, हे सगळे शब्द आपण मोठ्यांनी मोठ्यांसाठी करून ठेवलेत. गेल्या वर्षी किटातला गिनिपिग मेला तेव्हा तिथल्या बाईंनी मुलांना त्याला हात लावू दिला होता आणि अंगणात पुरला होता. ती घरी येऊन सांगत होती, तो आता टोट आहे, तो आता उठत नाही. तिला माहीत असलेला तेवढाच एक शब्द होता.

"आई पुण्यात नाही," मी म्हणालो. "आई टोट आहे. हॉस्पिटलातच झाली. जानेवारीत."

ती जॅकेटची बाही सारखी करत होती, ती करतच राहिली. मग जर्मनमध्ये विचारलं, पुण्यात पण? मी म्हटलं, पुण्यात पण. तिने आजीकडे बोट केलं. आजीला माहीत आहे? हो. तुला? हो. खालच्या काकूला? मी हो म्हणालो. तिचा आवाज चढत नव्हता. ती एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं विचारत होती.

"सगळ्यांना?" तिने विचारलं.

"हो."

"फक्त मला नाही?"

आणि मग ती रडली. हुंदके वगैरे नव्हे, तान्ही असताना रडायची तसं तोंड उघडून, डोळे मिटून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. गवतावर खाणारी माणसं वळून बघायला लागली. ती माझ्या अंगावर पडली, दोन्ही मुठींत माझा शर्ट धरला आणि डोकं छातीवर आपटत राहिली. मीही रडत होतो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो, पुण्यात नदीकाठी गुरुजींनी सांगितलं तसं पाणी सोडताना रडलो नव्हतो, आणि आता भर दुपारी परक्या लोकांसमोर, तोंडात डुकराची चव असताना रडत होतो. इतकं दुखत होतं की मला श्वास घेता येईना. हे पाच महिने कुठे होतं?

गुलाबी टोपीवाली बाई स्टॉल सोडून धावत आली. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, पण डब्याकडे आणि आमच्याकडे बघून तिचं तिला कळलं असावं. ती खाली बसली, आणि नंतर बराच वेळ तिथेच बसून होती.

सासूबाईंनी पोरीला घ्यायला हात पुढे केले. तिने मुठी सोडल्या नाहीत. आजीने पाठीवरून हात फिरवला, ये गं माझ्याकडे म्हणाल्या, तर ती आणखी आत शिरली. माझ्या शर्टात तोंड खुपसूनच ती काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

मला ते मराठीत सांगायला थोडा वेळ लागला. "मग मी कशाला जाऊ तिकडे, असं विचारतेय."

सासूबाईंनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांनी आपल्या मुलीसाठी एक खोली रिकामी ठेवली होती. लग्न होऊन गेल्यावरही तिथे कुणाला झोपू दिलं नव्हतं. त्या खोलीत आता नातीसाठी नवं पांघरूण घालून ठेवल्याचं मला मेहुण्याने फोनवर सांगितलं होतं. त्या काही वेळ आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. मी पोरीला धरलं होतं. त्यांना धरायला मला तिसरा हात हवा होता.

त्यांच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मेहुण्याचाच असणार, त्याला कळवायची वेळ झाली होती. मी हात पुढे केला, पण त्यांनी स्वतःच उचलला. तो पलीकडून घाईघाईने काहीतरी विचारत होता, सीटचं असेल. त्यांनी त्याचं पूर्ण बोलून होऊ दिलं.

"एकच काढ," त्या म्हणाल्या. "माझं."